रिंग फ्रेम आणि टीएफओची चाती : बदलण्याआधी काय तपासायचे

चातीबद्दल विचारलेल्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत. रिंग फ्रेमच्या (सूत कातणाऱ्या यंत्राच्या) काही ठरावीक चात्यांवरच (बॉबिन फिरवणाऱ्या दांड्यांवरच) धागा पुन्हापुन्हा तुटतो, त्यांच्या कॉपचा (बॉबिनवर भरलेल्या सुताचा) पीळही कमी भरतो, आणि नवी चाती बसवली तरी थोड्या दिवसांत तेच सुरू होते. दुसरे म्हणजे दुहेरी धाग्यासाठी टीएफओ (टू-फॉर-वन ट्विस्टर हे पीळ देणारे यंत्र) आला आहे; त्यात एका फेऱ्यात दोन पीळ कसे बसतात आणि तिथली चाती तपासताना काय पाहायचे.

आधी पहिल्याचे थोडक्यात उत्तर: दोष बहुधा चातीत नाही. टेप (चाती फिरवणारा पट्टा), बॉबिन आणि रिंगशी (चातीभोवतीच्या स्थिर कड्याशी) जुळलेला मध्य या तिन्हींची तपासणी झाल्याशिवाय चातीला हात लावू नका. नवी चाती बसवल्यावर काही दिवस बरे वाटते, कारण ती बसवताना व्हार्व (चातीवरची पुली, जिच्यावर टेप चालते) पुसला जातो, तेल नवे पडते आणि टेप नीट बसते. मूळ कारण जागेवरच राहते.

असे का होते ते चातीची रचना पाहिली की कळते. वरचा दांडा म्हणजे ब्लेड आणि त्यावर घट्ट बसवलेला व्हार्व हा फिरणारा भाग. खाली रेलला नटाने आवळलेला बोल्स्टर हा स्थिर भाग. बोल्स्टरच्या मानेशी रोलर बेअरिंग असते, पण त्याला वेगळी आतली रिंग नसते. रोलर थेट ब्लेडच्या कठीण केलेल्या पृष्ठभागावरच धावतात. तळाशी फुटस्टेप असतो, म्हणजे ब्लेडचे गोलसर टोक ज्यात टेकते ती वाटी. ही वाटी घट्ट बसवलेली नसते. ती लवचीक नळीच्या आधाराने उभी असते आणि तिच्याभोवती तेलात बुडालेली पोलादी पट्टीची गुंडाळी असते. त्यामुळे ब्लेडचा पाय किंचित बाजूला सरकू शकतो आणि तेल तो डोल शमवते.

ही मुभा मुद्दाम दिलेली आहे. कॉप कधीच पूर्ण तोलाचा नसतो. बॉबिनची भिंत एका बाजूला जाड असते, सूत कमी-जास्त बसते. ताठ धरलेला दांडा मिनिटाला 18,000 फेऱ्यांना हा असमतोल थेट बेअरिंगवर आदळवील. पाय सैल असला की चाती स्वतःचा तोलाचा अक्ष शोधून त्याभोवती फिरते. अमेरिकेत 1870 च्या दशकात सॉयर आणि रॅबेथ यांच्या चात्यांनी रिंग फ्रेमचा वेग वाढवला, आणि रॅबेथच्या चातीत ही स्वतः मध्य धरण्याची युक्ती होती. त्याआधीही, म्हणजे जॉन थॉर्पने 1828 मध्ये रिंगचे पेटंट घेतल्यापासून, रिंग होतीच. तेवढा वेग सहन करणारी चाती नव्हती.

यातून व्यवहारात तीन गोष्टी निघतात. ब्लेड आणि बोल्स्टर ही जोडी आहे, त्यांची अदलाबदल करू नये. एका बनावटीचे ब्लेड दुसऱ्याच्या बोल्स्टरमध्ये तर नकोच. तेल हे वंगण आहे तसेच डोल शमवणारे साधनही आहे. पातळी कमी झाली की आधी चाती थरथरते, झीज नंतर दिसते. आणि चाती स्वतः थोडी डोलणार असल्याने तिच्याभोवतीची रिंग, बलून कंट्रोल रिंग (फिरत्या धाग्याचा फुगा, म्हणजे बलून, आवरणारे कडे) आणि लॅपेट (धाग्याला वाट देणारा वरचा हूक) अक्षाशी तंतोतंत जुळलेले हवेत, कारण मध्य चुकल्याची भरपाई चाती करू शकत नाही.

आता पीळ. पुढचे रोलर ठरलेल्या वेगाने सूत देत राहतात, चातीचा वेग घटला तरी त्यांना त्याचा पत्ता नसतो. म्हणून चाती जेवढी मंद, पीळ तेवढाच कमी. 30 काउंटचे (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचा आकडा) कोंब्ड सूत घ्या, पिळाचा गुणक 3.8; गुणक गुणिले काउंटचे वर्गमूळ म्हणजे इंचाचा पीळ. 30 चे वर्गमूळ 5.48, म्हणजे इंचाला 20.8 पीळ, मीटरला सुमारे 819. चाती 18,000 फेऱ्यांनी फिरत असेल तर रोलरमधून मिनिटाला सुमारे 22 मीटर सूत बाहेर पडते. चाती 3 टक्के मंदावली तर फेरे 17,460 आणि पीळ इंचाला 20.2. एवढ्याने धागा लगेच तुटेल असे नाही. पण पूर्ण कापडात अशा कॉपचे सूत रंगवल्यावर पट्टा उठून दिसू शकतो, आणि त्याचे खापर रंगाईवर फुटते.

हिशेब करताना एक गोष्ट नेहमी निसटते. टिन रोलर (टेप चालवणारा रोलर) 200 मि.मी. आणि व्हार्व 18.5 मि.मी. असेल तर नुसत्या भागाकाराने प्रमाण 10.81 येते. टेपची जाडी, समजा 0.8 मि.मी., दोन्ही व्यासांत मिळवायला हवी : 200.8 भागिले 19.3, म्हणजे 10.40. फरक जवळजवळ 4 टक्क्यांचा. त्यामुळे 18,000 साठी टिन रोलर 1,665 नाही, सुमारे 1,730 फेऱ्यांना हवा. घसरण त्याच्यावर वेगळी.

हाच हिशेब उलट बाजूने पाहा. व्हार्वभोवती मेण आणि तंतूंचा फक्त 0.2 मि.मी. जाडीचा थर चढला की व्यास 18.5 वरून 18.9 होतो. कामाचा व्यास 19.3 वरून 19.7, आणि चाती 2 टक्क्यांनी मंद. 18,000 ऐवजी 17,635 च्या आसपास. असा थर लांबून दिसत नाही. यंत्र थांबवून टेप बाजूला सरकवा आणि नखाने खरवडून पाहा. काळपट, गुळगुळीत पापुद्रा निघतो.

ट्रॅव्हलर (धागा घेऊन रिंगवर धावणारी छोटी कडी) चातीपेक्षा मागे राहतो, म्हणून पीळ चातीच्या फेऱ्यांपेक्षा कमी भरतो, असे बऱ्याचदा ऐकू येते. मागे राहतो हे खरे. गुंडाळणी त्या फरकामुळेच होते. 22 मीटर सूत 20 मि.मी. व्यासावर गुंडाळताना ट्रॅव्हलर मिनिटाला 350 फेरे मागे असतो, 36 मि.मी. व्यासावर सुमारे 195. पण वाइंडिंगला (सूत मोठ्या पॅकेजवर गुंडाळताना) कॉपच्या टोकावरून सूत ओढले की प्रत्येक वेढ्यामागे एक पीळ परत मिळतो. म्हणजे शेवटच्या सुतात चातीच्या फेऱ्यांइतकाच पीळ असतो. कमी पिळाचे कारण इथे शोधण्यात वेळ घालवू नका.

मंद चाती शोधायला स्ट्रोबोस्कोप (ठरावीक वेगाने लुकलुकणारा दिवा) हवाच. प्रकाशाची वारंवारता सरासरी वेगाला लावा आणि फ्रेमच्या कडेने सावकाश चालत जा. नीट चालणाऱ्या चात्या थांबल्यासारख्या दिसतात. मंद चाती उलटी फिरताना दिसते. नोंद करताना नुसता चातीचा क्रमांक लिहू नका, ती कोणत्या टेपवर आहे तेही लिहा. चार चात्यांच्या टेपमध्ये दोन चात्या एका बाजूच्या आणि दोन पलीकडच्या असतात. चारही मंद असतील तर दोष टेपचा किंवा जॉकी पुलीचा (टेप ताणून धरणाऱ्या पुलीचा) : टेप ताणली गेली आहे, तेलाने भिजली आहे, जॉकीचे बेअरिंग जड झाले आहे किंवा तिचा भार कमी पडतो आहे. चारांपैकी एकच मंद असेल तर त्या चातीपाशी या. व्हार्ववरचा थर, एका बाजूने घासणारा ब्रेक, कोरडा बोल्स्टर, याच क्रमाने. हा एक भेद पाळला तरी अनावश्यक बदललेल्या निम्म्या चात्या वाचतील, असे माझे मत आहे.

ब्रेकचे पॅड मोकळे असताना व्हार्वपासून दोन्ही बाजूंनी सारखे दूर हवेत. एक पॅड टेकत असेल तर व्हार्वच्या एका पट्ट्यावर चकाकी येते. नवी टेप घालताना तिच्यावरचा बाण फिरण्याच्या दिशेशी जुळवा. उलट घातलेल्या टेपचा जोड व्हार्ववर प्रत्येक फेरीला आपटतो आणि लवकर उकलतो.

आता धागा तुटण्याकडे. तो डॉफच्या (रिकाम्या बॉबिनपासून भरलेला कॉप काढेपर्यंतच्या फेरीच्या) कोणत्या टप्प्यात तुटतो हे आधी लिहून काढा, ही माहिती फार कामाची आहे. सुरुवातीला, बॉबिन रिकामी असताना, बलून सर्वांत लांब असतो. तेव्हा तुटत असेल तर ट्रॅव्हलर हलका आहे का, बलून कंट्रोल रिंग आणि लॅपेटची उंची बरोबर आहे का, बलून दोन चात्यांमधल्या विभाजक पत्र्याला लागतो का, ते पाहा. कॉप भरत आल्यावर बलून आखूड होतो आणि ताण झटके देतो. तेव्हा तुटत असेल तर भरलेल्या कॉपची थरथर किंवा जड ट्रॅव्हलर. संपूर्ण डॉफभर, आणि त्याच चातीवर, तुटत असेल तर रिंगवरचा ओरखडा किंवा चुकलेला मध्य. 38 मि.मी. रिंगवर 18,000 फेऱ्यांना ट्रॅव्हलर सेकंदाला सुमारे 36 मीटर धावतो. साध्या पोलादी रिंग-ट्रॅव्हलरची मर्यादा 40 मीटरच्या आसपास मानली जाते. म्हणजे हाताशी फारशी सवलत उरलेली नाही, आणि मध्य थोडा चुकला तरी ट्रॅव्हलर रिंगच्या एकाच भागावर जळतो. जळालेले ट्रॅव्हलर सारखे त्याच चातीखाली सापडत असतील तर मध्य तपासल्याशिवाय पुढचा ट्रॅव्हलर घालू नका.

मध्य जुळवताना क्रम उलटा झाला तर सगळी मेहनत वाया जाते. आधी यंत्राची पातळी आणि स्पिंडल रेल. मग चाती ओळंब्यात. मग मध्य मापक गेज लावून चाती रिंगच्या मध्यात, आणि हे रिंग रेल (रिंगा धरून वर-खाली जाणारी पट्टी) वर, मध्ये आणि खाली अशा तिन्ही ठिकाणी पाहायचे. फक्त एका उंचीवर मध्य जुळला आणि बाकी दोन ठिकाणी सुटला तर चाती तिरकी आहे किंवा रेल वाकड्या मार्गाने चढते आहे. नट सैल करून चाती ढकलण्याने ते सुटणार नाही. नंतर लॅपेट : हुकाच्या आतली ज्या कडेवर धागा टेकतो ती कड चातीच्या टोकाच्या बरोबर वर हवी, हुकाच्या भोकाचा मध्य नव्हे. बलून कंट्रोल रिंग सर्वांत शेवटी.

यातली बारीक मेख अशी की नट आवळताना वॉशर चातीला थोडी आपल्याबरोबर फिरवतो आणि मध्य सरकतो. गेज लावून जुळवले, नट आवळला, गेज काढला आणि पुढच्या चातीकडे गेले, की मध्य चुकल्याचे कळतच नाही. नट आवळल्यावर गेज पुन्हा लावा. पुन्हा लावल्यावर तो मोकळा बसला नाही तर मध्य किती आणि कुठल्या दिशेला सरकतो ते हाताला कळते, आणि पुढच्या वेळी तेवढे अंतर उलट्या बाजूला ठेवून आवळता येते.

थरथरणाऱ्या चातीचा निकाल अदलाबदलीने लावा. थरथरणाऱ्या चातीवरची बॉबिन शेजारच्या शांत चातीवर घाला आणि तिची इकडे. थरथर बॉबिनबरोबर गेली तर बॉबिन बाद. जागेवर राहिली तर बॉबिन काढून नुसती चाती चालवा. नुसतीही थरथरत असेल तर ब्लेड वाकडे किंवा बोल्स्टर गेलेला, आणि बॉबिन घातल्यावरच थरथरत असेल तर बॉबिन टेकते ती जागा घाण किंवा झिजलेली. वाफवण्याच्या टाकीतून अनेकदा गेलेल्या प्लॅस्टिकच्या बॉबिनी हळूहळू वाकतात. सपाट काचेवर लोळवून पाहिले की लगेच कळते. बाद बॉबिनी तोडून टाका, बाजूला ठेवू नका. बाजूला ठेवलेल्या बॉबिनी घाईच्या डॉफला परत चातीवर चढतात.

व्हार्वच्या वर डॉफनंतर उरलेले सुताचे वेढे ही वेगळी डोकेदुखी. डॉफ करताना धागा तिथे गुंडाळून तोडला जातो. वेढे साठत गेले की बॉबिन पूर्ण खाली बसत नाही, एखादा मिलिमीटर वर राहते, पकडणाऱ्या बटणांवर नीट बसत नाही आणि वेगात वर सरकते. मग कॉपचा तळ वेगळ्या उंचीवर बांधला जातो आणि स्वयंचलित डॉफर तो कॉप पकडताना चुकतो. हे वेढे कापताना धारदार चाकू ब्लेडवर चालवू नका. ओरखडा पडला की तिथे तंतू अडकत राहतात. पितळी खरवडणी पुरते.

तेल हा विषय घाईने उरकला जातो. चात्यांना पातळ स्पिंडल ऑइल लागते, साधारण आयएसओ व्हीजी 10 ते 22 या श्रेणीतले. नेमकी श्रेणी आणि बदलण्याची मुदत चाती बनवणाऱ्याच्या पत्रकातली पाळा. जाड तेलाने चाती गरम होते आणि वीज जास्त खाते. ब्लेड वर निघू नये म्हणून असलेला आकडा बाजूला करून ब्लेड सरळ वर उचला आणि लाकडी खाचांच्या रॅकमध्ये क्रमाने उभे ठेवा. आडवे टाकलेले, एकावर एक रचलेले ब्लेड वाकतात. जुने तेल पंपाने तळापासून ओढून घ्या आणि पांढऱ्या कागदावर थेंब टाका. नुसते तपकिरी असेल तर ठीक. चमकणारी काळी पूड दिसली तर फुटस्टेप किंवा ब्लेडचे टोक झिजते आहे. टोक भिंगाखाली पाहा. गोलाई जाऊन मध्ये चपटी चकती तयार झाली असेल तर ते ब्लेड संपले. नवे तेल मापाने घाला आणि पट्टीने पातळी तपासा. जास्त तेल घालणे हे कमी घालण्याइतकेच वाईट, कारण जादा तेल वर चढून व्हार्वच्या आतून बाहेर फेकले जाते, टेप भिजते आणि चारही चात्या घसरतात. ब्लेड परत घालताना सोडून देऊ नका, सावकाश उतरवा. आतली हवा निघायला वेळ लागतो, आणि टोक वाटीवर आपटले तर दोन्ही बिघडतात. पुसायला तंतू सुटणारा कचरा-धागा वापरू नका, हे सांगायची गरज नसावी, पण बहुतेक बोल्स्टरमध्ये तोच सापडतो.

एवढे करूनही ब्लेडचे टोक डायल गेजखाली हाताने फिरवताना 0.1 मि.मी. पेक्षा जास्त फेक (बाजूला डोलणे) दाखवत असेल तर मी ती चाती काढीन. हातोडीने ठोकून सरळ केलेले ब्लेड कमी वेगाच्या डब्लिंग फ्रेमवर (धागे जोडून पीळ देणाऱ्या यंत्रावर) कदाचित चालेल, रिंग फ्रेमच्या वेगाला नाही.

आता टीएफओ. इथे चातीचे काम पूर्ण वेगळे आहे : सुताचे पॅकेज फिरत नाही, त्याच्याखालची पोकळ चाती फिरते. जोडलेल्या दोन धाग्यांचे चीज (नळकांड्यासारखे पॅकेज) एका भांड्यात उभे असते आणि भांडे चातीवरच्या बेअरिंगवर बसलेले असते; बाहेरून लावलेली चुंबके ते फिरू देत नाहीत. धागा चीजच्या वरून सुटतो, पोकळ नळीत उतरतो, तिथल्या ताण देणाऱ्या कॅप्सूलमधून जातो, चातीच्या तळाशी आडव्या छिद्रातून बाहेर पडतो, साठा चकतीला थोडा वेढा घालतो आणि बलून होऊन वरच्या पिगटेलकडे (धाग्याला वाट देणाऱ्या हुकाकडे) जातो. कॅप्सूलपाशी धागा स्थिर आणि छिद्रापाशी फिरता, म्हणून पहिला पीळ तिथे. छिद्रापाशी फिरता आणि पिगटेलपाशी स्थिर, म्हणून दुसरा पीळ बलूनमध्ये. धागा खाली उतरून पुन्हा वर वळत असल्याने दोन्ही पीळ एकाच दिशेचे असतात आणि एकमेकांत मिळतात.

म्हणून हिशेब : मीटरला पीळ म्हणजे चातीच्या फेऱ्यांची दुप्पट भागिले मिनिटाला मीटर. वरच्याच 30 काउंटच्या सुताचा दुहेरी धागा करायचा आणि पीळ एकेरी सुताच्या सुमारे 70 टक्के ठेवायचा, तर मीटरला 573. चाती 11,000 फेऱ्यांना असेल तर 22,000 भागिले 573, म्हणजे मिनिटाला सुमारे 38 मीटर. दिशा एकेरी पिळाच्या उलट ठेवतात. एकेरी सूत झेड असेल तर दुहेरी एस (पिळाच्या दोन उलट दिशांची ही नावे). शिवणाच्या धाग्यात मात्र शेवटचा पीळ झेड हवा, नाहीतर शिलाई यंत्रात शिवताना तो उकलत जातो. म्हणून तिथे एकेरी सूत एस काढावे लागते. ही गोष्ट सूत काततानाच ठरवायची असते, टीएफओवर आल्यावर उशीर झालेला असतो.

टीएफओवर सर्वांत जास्त लक्ष द्यायचे ते साठा चकतीवरच्या वेढ्याकडे. धाग्याने चकतीला किती अंश वेढा घातला आहे हे स्ट्रोबोस्कोपखाली स्पष्ट दिसते. हा वेढा म्हणजे धाग्याची हातातली शिल्लक : चीजवरून धागा अडून सुटला, कॅप्सूलमध्ये क्षणभर ताण वाढला, की वेढा कमी होतो आणि बलूनला झटका बसत नाही. साधारण अर्धा ते एक वेढा असला की धागा निवांत चालतो. वेढा शून्याकडे गेला तर बलून थेट कॅप्सूलशी ओढाताण करतो आणि धागा छिद्रापाशी तुटतो. कॅप्सूलचा स्प्रिंग हलका करा. वेढा एकापेक्षा बराच जास्त झाला तर धागा स्वतःवरच चढतो, केसाळ होतो, बलून फुगून भांड्याबाहेरच्या नळकांड्याला घासतो. स्प्रिंग जड करा. वेगळ्या काउंटला जुनेच कॅप्सूल ठेवणे हे टीएफओवरच्या तुटण्याचे सगळ्यात नेहमीचे कारण आहे. एकाच लॉटमध्ये मात्र सगळ्या चात्यांवर एकाच जातीचे कॅप्सूल हवे. एकाच चातीवर वेढा वेगळा दिसत असेल तर स्प्रिंग बदलू नका. त्या चातीचे कॅप्सूल उघडून साफ करा आणि छिद्राच्या सिरॅमिकवरून कापसाचा बोळा फिरवा. बोळा अडकला तर सिरॅमिकला खाच पडली आहे.

भांडे हलत असेल तर चुंबक पाहा. चुंबकावर लोखंडी बारीक कचरा साठला, एखादे तुटले किंवा भांड्याखालचे बेअरिंग जड झाले, की भांडे चातीबरोबर थोडे ओढले जाते. जेवढे ते फिरेल तेवढा पीळ गेला, आणि चीज हलल्याने धागाही झटके खातो. यंत्र थांबवून भांडे हाताने थोडे फिरवून सोडा. ते झटकन जागेवर परत यायला हवे. रेंगाळत आले तर चातीचा पट्टा आणि व्हार्व तपासण्याआधी हेच दुरुस्त करा. त्यानंतर पट्ट्याकडे : टीएफओमध्ये एकच लांब पट्टा सगळ्या चात्यांना स्पर्श करत जातो, म्हणून एखादीच चाती मंद असेल तर तिचा पट्ट्यावरचा दाब कमी आहे किंवा पायाने दाबायचा ब्रेक सोडल्यावर ती पूर्ण परत येत नाही. पीळ तपासताना त्या चातीच्या आणि शेजारच्या चातीच्या तयार धाग्याच्या चीजवरून प्रत्येकी किमान दहा नमुने घ्या. एकट्या नमुन्यावर दाब वाढवला तर पट्टा आणि व्हार्व दोन्ही लवकर झिजतात.